पावती

त्या पत्र्याच्या डब्यात कधीकाळी बिस्किटे असावीत. झाकणावरचे चित्र घासून पुसट झाले होते आणि एका कोपऱ्याला गंज चढला होता. दूध मंडळीच्या मंत्र्याने तो डबा टेबलावर उपडा केला, तेव्हा त्यातून अरुंद कागदाच्या चौदा पावत्या बाहेर पडल्या. काहींना हळदीचे बोट लागले होते. काही घडी घालून घालून मधोमध फाटायला आल्या होत्या. एकीवर दुधाचा वाळलेला डाग होता. मंत्री काही बोलला नाही. त्याने समोरची खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि बडोद्याहून सकाळच्या बसने आलेला अभियंता तिच्यावर बसला.

ही गोष्ट जानेवारी १९९५ मधली. गाव तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातले. आणंद हा स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून दोन वर्षे होती. त्या मुलखात सहकारी दूध मंडळीच्या चिटणिसाला मंत्री म्हणतात. हा मंत्री पन्नाशीचा, मितभाषी आणि हिशेबाला चोख म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला होता. गेल्या तीन महिन्यांत मात्र गावातील काही घरांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. कारण त्या चौदा पावत्यांवर छापलेली रक्कम एक होती आणि दहा दिवसांच्या चुकत्यात हाती पडलेली रक्कम दुसरी.

सर्वांत वरची पावती एका वृद्धेची होती. तिच्यावर एका संध्याकाळच्या दुधाचे ६३ रुपये ८० पैसे छापलेले होते. मंडळीच्या यंत्राच्या स्मृतीत आणि म्हणून मंत्र्याच्या वहीत त्याच संध्याकाळचे ३६ रुपये ८० पैसे होते. वृद्धा स्वतः तेथे येऊन बसली होती. तिचे म्हणणे विलक्षण होते. एका म्हशीच्या एका वेळच्या दुधाचे त्रेसष्ट रुपये होत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होते; तिची म्हैस तिला ठाऊक होती. तिला सत्तावीस रुपये नकोच होते. “पण भाई,” ती अभियंत्याला म्हणाली, “ही पावती खोटी असेल, तर बाकीच्या खऱ्या कशावरून?”

या प्रश्नाचे वजन कळण्यासाठी त्या भागाचा थोडा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी आपला संघ उभारला, तो व्यापाऱ्यांच्या मनमानी भावाला कंटाळून. दूध किती आणि त्यात स्निग्धांश किती, या दोन मापांवर पैसे ठरावेत, आणि ते माप प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत व्हावे, ही त्या चळवळीची एक मुख्य ताकद होती. मंडळीच्या दारात सकाळ-संध्याकाळ रांग लागते. त्या रांगेत जात, जमीन, मान यांपैकी काही चालत नाही, आलेल्या क्रमाने चरवी पुढे सरकते. पूर्वी स्निग्धांश काढण्यासाठी काचेच्या नळीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती गरगर फिरवीत आणि वर तरंगणाऱ्या पिवळ्या थराची उंची वाचीत. मग विजेवर चालणारी तपासणी आली, आणि नव्वदीच्या दशकात वजन, स्निग्धांश आणि हिशेब एकत्र करून तिथल्या तिथे पावती देणारी छोटी यंत्रे आली. हाताने लिहिलेल्या आकड्यावर जो संशय घेता येत असे, तो छापील आकड्यावर घेता येणार नाही, असे यंत्र विकणाऱ्यांनी सांगितले होते आणि घेणाऱ्यांनी मानले होते.

अशा एका यंत्राची आज्ञावली त्या अभियंत्याने लिहिली होती.

तो बडोद्याचा मराठी माणूस. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने साताऱ्याकडून आलेल्या आणि मग तेथेच रुजलेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक त्याचे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात दोन्हींच्या मध्ये इंग्रजी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनाची वास्तू पुढे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे आली. तो तिथेच शिकला. कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांना यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा ध्यास होता. त्यांच्या पश्चात त्या इमारतीत शिकलेल्या या विद्यार्थ्याला मात्र आपल्या कामातील एका अगदी नेहमीच्या शब्दाला मराठीत किंवा गुजरातीत काय म्हणावे, हे कधी उमगले नाही. तो शब्द इंटरप्ट. कोशात त्याला ‘व्यत्यय’ असा प्रतिशब्द मिळतो, आणि तो फसवा आहे. व्यत्यय म्हणजे नको असताना आलेले विघ्न. इंटरप्ट हे बोलावून घेतलेले विघ्न असते.

कुकर गॅसवर चढवून बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गृहस्थाचे उदाहरण त्याला त्यातल्या त्यात जवळचे वाटे. हा गृहस्थ कुकरपाशी उभा राहत नाही. त्याचे डोळे बातमीवर असतात. शिट्टी झाली की तो बोट त्या ओळीवर ठेवतो, उठतो, गॅस बारीक करतो आणि परत येऊन त्याच ओळीपासून वाचू लागतो. सूक्ष्मनियंत्रकही असेच करतो. शिट्टी होते, तो हातातले काम जिथल्या तिथे ठेवतो, ठरलेल्या पत्त्यावर लिहिलेले छोटे काम उरकतो आणि परत येतो. मूळ कामाला आपण मध्ये थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही. लागू नये, अशीच योजना असते.

यंत्रातील चिप होती ८०३१. इंटेलने १९८० मध्ये बाजारात आणलेल्या ८०५१ या घराण्यातली, पण पोटात आज्ञावलीची जागा नसलेली आणि म्हणून स्वस्त. आज्ञावली शेजारच्या इप्रॉममध्ये असे. चिपच्या पोटात तात्पुरत्या टिपणांसाठी १२८ बाइट्स. आजच्या मोबाइलमधील एका चित्राच्या चिमटीतही अशा हजारो स्मृती मावतील. ठोका देणारा स्फटिक ११.०५९२ मेगाहर्ट्झचा. नवशिक्याला हा आकडा नेहमी विक्षिप्त वाटतो. सरळ १२ का नाही, असे तो विचारतो. पण या आकड्याला १२ ने भागले की सेकंदाला बरोबर ९,२१,६०० चक्रे मिळतात, आणि त्यातून ९६००, २४००, १२०० असे तारेवरून अक्षरे पाठवण्याचे प्रमाण वेग शेष न उरता निघतात. स्फटिकाचा विक्षिप्तपणा हा खरे तर भागाकाराचा शहाणपणा आहे.

पावती छापणारा छपाईयंत्राचा भाग मंद होता. तारेवरचा वेग १२०० ठेवला होता. एका अक्षराला आरंभीचा, अखेरचा आणि मधले आठ असे दहा बिट लागतात, म्हणजे एक अक्षर जायला सुमारे ८.३ मिलिसेकंद. त्या अवधीत चिपची ७,६८० चक्रे होतात. पावतीवर शंभर-सव्वाशे अक्षरे. म्हणजे पावतीला जवळजवळ एक सेकंद. तेवढा वेळ यंत्राने अक्षरापाशी उभे राहायचे ठरवले, तर कळफलकाकडे आणि काट्याकडे कोण बघणार? दारात तर रांग उभी. म्हणून इंटरप्ट.

आता या प्रेषणाच्या इंटरप्टची एक खोड आहे, आणि तिने प्रत्येक पिढीतील नवशिक्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत. अक्षर पाठवून झाले की टीआय नावाची एक खूण उठते आणि शिट्टी होते. पण कुकर चढवलाच नाही, तर शिट्टी कुठून होणार? अभियंत्याने १९९३ मध्ये पहिल्यांदा हे लिहिले तेव्हा अक्षरांची रांग नीट भरली होती, इंटरप्टला परवानगी दिली होती, आणि यंत्र ढिम्म होते. अक्षर गेल्यावरच हाक येते, आणि हाक आल्यावरच अक्षर द्यायचे असे लिहिलेले; मग पहिले अक्षर देणार कोण? ते हाताने द्यावे लागते. हे कळायला त्याला एक दिवस लागला.

दुसरी अडचण अधिक गमतीची होती. पावती छापू लागताच यंत्रावरचे वजनाचे आकडे गोगलगायीसारखे हलू लागत. काट्यावर चरवी ठेवली तरी आकडा काही वेळाने बदले. आणि नवल असे की त्याच पडद्यावरचे घड्याळ मात्र सेकंदाचा ठोका न चुकता चालत असे. यंत्र बंद पडलेले नव्हते, मेलेले नव्हते; जणू त्याला ग्लानी आली होती. याचे मूळ चिपच्या रचनेत सापडले. या घराण्यात अक्षर गेले याची खूण आणि अक्षर आले याची खूण, आरआय, या दोन्हींची हाक एकाच पत्त्यावर येते. शिवाय हाक ऐकल्यावर त्या खुणा आपोआप पुसल्या जात नाहीत; आज्ञावलीनेच पुसायच्या असतात. छपाईयंत्राचे पोट भरले की ते ‘थांबा’ असे सांगणारे एक अक्षर उलट पाठवी. अभियंत्याने इतरांप्रमाणे सवयीने स्वीकाराचे दार उघडे ठेवले होते, पण आलेल्या अक्षराची दखल घेणारे काहीच लिहिले नव्हते. आरआय उठली ती उठलीच. हाकेवरून परतावे तो पुन्हा हाक. या चिपचा नियम असा की हाकेवरून परतल्यावर मूळ कामातील निदान एक तरी आज्ञा पार पडते, मगच पुढची हाक ऐकली जाते. म्हणून मुख्य काम एकेक पाऊल टाकत चालले होते आणि प्रत्येक पावलागणिक दाराशी जाऊन येत होते. घड्याळ वाचले, कारण समान मानाच्या हाकांत टायमरची हाक आधी ऐकली जाते आणि तारेची सर्वांत शेवटी. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच घंटा देणे ही चिप घडवणाऱ्यांची काटकसर होती; आज ती चुकीची वाटते, त्या काळच्या जागेच्या हिशेबात ती रास्त असेल. ‘थांबा’ची दखल घेणाऱ्या आणि आरआय पुसणाऱ्या चार ओळी घातल्या आणि यंत्र टवटवीत झाले.

हे दोन्ही दोष भले होते, असे म्हणावे लागेल. ते कारखान्यातच, टेबलावरच, त्याच्या समोर प्रकट झाले. तिसरा गावात गेला.

त्या चौदा पावत्या घेऊन तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आपल्या छोट्या कारखान्यात परतला. मालकाने पावत्यांकडे ओझरते पाहिले आणि निदान करून टाकले: व्होल्टेज. खेड्यात विजेचा दाब खालीवर होतो, त्याला आपण काय करणार. तसे कळवून टाका आणि एक स्टॅबिलायझर बसवायला सांगा. हे निदान अगदीच हास्यास्पद नव्हते. त्या काळी निम्मी यंत्रे खरोखर त्यापायीच बिघडत. पण विजेच्या दाबाने अक्षर बिघडते ते कसेही बिघडते. त्रेसष्टचे काही भलतेच चिन्ह होईल, कागदावर कचरा उमटेल. छत्तीसचे नेमके त्रेसष्ट होणार नाही.

मग हिशेबाचा गुणाकार चुकत असेल, अशी शंका आली. लिटर गुणिले दर. ८०३१ ला एका वेळी आठ बिटांपलीकडे गुणता येत नाही, म्हणून मोठे गुणाकार तुकड्यातुकड्यांनी करावे लागत. तेथे हातचा विसरला असेल काय? त्याने दोन दिवस तो भाग कागदावर ओळीने तपासला. हातचा कोठेही विसरला नव्हता. शिवाय यंत्राच्या स्मृतीत रक्कम बरोबर होती. बरोबर रक्कम छापताना चूक होत होती, किंवा, आणि हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला हे नाकारण्यात अर्थ नाही, मंत्री नंतर आकडा बदलत होता.

ज्या पावतीने हा विचार घालवला, तिच्यावर रकमेचा घोटाळा नव्हताच. ती बाकीच्यांबरोबर डब्यात का आली, हे त्याने गावातच विचारले होते. वृद्धेच्या सातवीतल्या नातीने ती आणून टाकली होती. शाळेत नुकते इंग्रजी वाचू लागलेली ती मुलगी घरात येणारा प्रत्येक छापील कागद वाचून काढी. स्निग्धांशासाठी यंत्र छापत असलेला तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द रोज पाहून तिला पाठ झाला होता. या एका पावतीवर तो एफ-ए-टी ऐवजी एफ-टी-ए असा होता. मोठ्यांनी तिला वेड्यात काढले होते. आणखी एका पावतीवर ६.४ चे .६४ झाले होते. ते तर कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

रात्री जेवण झाल्यावर या दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवून तो बराच वेळ बसला. ‘फॅट’ हा शब्द कोणी मोजत नाही, गुणत नाही. तो इप्रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो. मंत्र्याला तो बदलण्यात कसलाही लाभ नाही. अक्षरे तीच होती, एकही हरवले नव्हते, एकही भलते आले नव्हते. फक्त शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या होत्या. छत्तीस आणि त्रेसष्ट यांच्यामधले सत्तावीस रुपये हा हिशेबाचा प्रश्नच नव्हता; तो क्रमाचा प्रश्न होता. मागून आलेले अक्षर पुढच्याला ओलांडून गेले होते.

कारण कळण्यापूर्वी लाज वाटावी, असा तो क्षण होता. कारण क्रम राखणारी रांग त्यानेच लिहिली होती आणि तिच्यात एक हुशारी केली होती.

हुशारी अशी. छापायचे अक्षर तयार झाले की मुख्य आज्ञावली विचारी: तार मोकळी आहे का? मोकळी असेल तर अक्षर थेट तारेवर सोडायचे. गुंतलेली असेल तर सोळा जणांच्या रांगेत शेवटी उभे करायचे. पुढचे अक्षर जाऊन हाक आली की इंटरप्टमधील काम रांगेतील पहिल्याला पाठवील, आणि रांगेत कोणी नसेल तर ‘मोकळी’ अशी पाटी लावून निघून जाईल. यामुळे पहिले अक्षर हाताने देण्याचा जुना प्रश्नही परस्पर सुटत होता. वाचताना कोठे खोट दिसत नाही. शंभर वेळा वाचले तरी दिसत नाही, कारण वाचणारा एका वेळी एकच ओळ वाचतो.

पण समजा, मुख्य आज्ञावलीने विचारले आणि उत्तर मिळाले, गुंतलेली आहे. ती अक्षर घेऊन रांगेकडे वळली. वळण्याच्या त्या वीसेक मायक्रोसेकंदांत पुढचे अक्षर जाऊन संपले. हाक आली. इंटरप्टमधील कामाने रांगेत पाहिले. तेथे अजून कोणीच उभे नव्हते. त्याने ‘मोकळी’ अशी पाटी लावली आणि ते झोपी गेले. आता मुख्य आज्ञावली, आपल्या मागे काय घडले याचा पत्ताच नसलेली, अक्षर रांगेत उभे करते. हे अक्षर म्हणजे छत्तीसमधील तीन. त्याला पुढे बोलावणारे कोणी जागे नाही. थोड्या वेळाने सहा येतो. पाटी वाचतो, मोकळी. तो थेट निघून जातो. तो गेल्याची हाक येते, तेव्हा कोठे इंटरप्टला रांगेत तिष्ठत उभा असलेला तीन दिसतो. कागदावर त्रेसष्ट.

हा तर्क होता, पुरावा नव्हता. यंत्र गावी पाठवण्यापूर्वी त्याने रात्रभर त्याच्याकडून हजार पावत्या आपोआप छापून घेतल्या होत्या आणि सकाळी एकेक तपासली होती. त्या निर्दोष होत्या. मग गावातच का? या प्रश्नाने त्याला आणखी तीन दिवस गुंतवले. मुख्य आज्ञावलीचा एक फेरा सहा मिलिसेकंदांचा असे आणि प्रत्येक फेऱ्यात ती एक अक्षर देई. तार मात्र एका अक्षराला आठ मिलिसेकंदांहून अधिक घेई. देणारा जलद, नेणारा मंद. म्हणून पावती संपेपर्यंत रांग कधी रिकामी होतच नसे, आणि रांग रिकामी झाल्याखेरीज चूक संभवत नव्हती. फेरा लांबत होता तो एकाच प्रसंगी, कळ दाबली असता. कळ खरोखर दाबली की नुसती थरथरली, हे ओळखण्यासाठी आज्ञावली वीस मिलिसेकंद तिच्यापाशी थांबे. तेवढ्या काळात तार रांगेतील दोन-तीन अक्षरे संपवी. बोट कळेवर जरा रेंगाळले, की रांग तळाला जाई.

कारखान्यात पावती छापली जात असताना कोणी कळा दाबीत नव्हते. तो हात बांधून, कौतुकाने, पूर्ण पावती बाहेर येईपर्यंत पाहत उभा राही. गावात संध्याकाळी दारात सत्तर माणसे उभी असतात, म्हशीचे दूध तापट हवेत फार वेळ ठेवता येत नाही, अंधार पडायच्या आत घर गाठायचे असते. एकाची पावती छापली जात असतानाच मंत्री दुसऱ्याचा सभासद क्रमांक दाबू लागे. यंत्र त्यासाठीच तर केले होते.

दोन वाहिन्यांच्या ऑसिलोस्कोपवर काही शेकडा पावत्यांत एकदा, वीस मायक्रोसेकंदांपुरती घडणारी गोष्ट पकडणे अशक्यच होते. म्हणून त्याने उलटा मार्ग घेतला. पाटी वाचणे आणि रांगेत उभे करणे या दोन पावलांच्या मध्ये त्याने मुद्दाम दोन मिलिसेकंदांची दिरंगाई घातली. तर्क खरा असेल तर रोग शंभरपट बळावला पाहिजे. नवी इप्रॉम बसवली, पावती सुरू केली आणि मंत्र्यासारखी घाईने कळांवर बोटे चालवली. पाचव्या पावतीवर ‘फॅट’ उलटले. नवव्या पावतीवर रकमेतील टिंब एक घर सरकले. त्या रात्री दोषपूर्ण पावत्यांचा ढीग पाहून त्याला जो आनंद झाला, तो त्या हजार निर्दोष पावत्यांनी दिला नव्हता. अशा आनंदाची गोष्ट घरी सांगता येत नाही.

उपाय किरकोळ होता. थेट तारेवर जाणारे दार त्याने बुजवून टाकले. प्रत्येक अक्षराने, पहिल्यानेसुद्धा, रांगेतूनच जायचे. तार झोपलेली आढळली तर मुख्य आज्ञावलीने स्वतः अक्षर न सोडता टीआय ही खूण आपल्या हाताने उठवायची. ही चिप तशी मुभा देते. खूण हार्डवेअरने उठवली की आज्ञावलीने, हाकेला फरक पडत नाही. इंटरप्ट जागे होते आणि रांगेतील पहिल्याला घेऊन जाते. आणि पाटी वाचून रांगेत उभे करीपर्यंतच्या त्या वीस मायक्रोसेकंदांपुरते तारेच्या हाकेचे दार लोटून घ्यायचे. त्या अवधीत हाक आली तरी ती हरवत नाही. खूण उभीच असते, दार उघडताच ऐकू येते. एकूण सात ओळी बदलल्या, त्यांपैकी तीन काढून टाकल्या. जुनी इप्रॉम अतिनील दिव्याखाली वीस मिनिटे ठेवली, तिच्या स्फटिकाच्या खिडकीतून जुनी आज्ञावली पुसून गेली, नवी भरली, खिडकीवर चिकटपट्टी लावली. दिरंगाई पुन्हा घालून, कळा बडवीत, त्याने आणि कारखान्यातील पोऱ्याने आळीपाळीने बाराशे पावत्या काढल्या. त्यानंतर दिरंगाई काढली.

मालक खूश झाला. नवी इप्रॉम बसवून या, म्हणाला. वर असेही म्हणाला की गावात व्होल्टेजचेच सांगा. बिघाड आपल्या आज्ञावलीत होता असे एकदा तोंडून गेले, तर बाकीच्या गावांतूनही डबे येतील. बाकीच्या गावांत ती आज्ञावली होतीच. तेथेही इप्रॉम बदलायच्या होत्या, पण ‘नवीन सुधारित’ म्हणून. मालक दुष्ट नव्हता. त्याच्याकडे अकरा माणसे कामाला होती आणि बँकेचा हप्ता होता. अभियंत्याने हो किंवा नाही काहीच म्हटले नाही.

गावी तो दुपारी पोचला. इप्रॉम बदलायला दहा मिनिटे लागली. मग त्याने मंत्र्याला, वृद्धेला आणि तेथे जमलेल्या पाच-सहा जणांना सांगायला सुरुवात केली, आणि व्होल्टेज हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. तो दारातील रांगेबद्दल बोलू लागला. समजा, बा, तुम्ही लांबूनच विचारलेत, काट्यावर कोणी आहे का? आतून उत्तर आले, आहे. म्हणून तुम्ही रांगेच्या जागेकडे निघालात. तुम्ही पोचायच्या आत काट्यावरचा माणूस गेला, तोलणाऱ्याने रांगेकडे पाहिले, कोणी नाही, आणि तो डोळे मिटून बसला. तुम्ही जाऊन उभ्या राहिलात. तुम्हांला हाक नाही. मागून दुसरी आली, तिने काटा मोकळा पाहिला, तिने सरळ चरवी ठेवली. तिचे आधी झाले, तुमचे नंतर.

“असे तर नेहमी होते,” वृद्धा म्हणाली.

यंत्रात ते आकड्यांचे झाले, तो म्हणाला. तीन आधी आला होता, सहा आधी गेला. आणि ती रांग लावणारा मी. मंत्रीभाईंनी वहीत जे लिहिले, ते बरोबर होते.

मंत्र्याने हे सर्व मान खाली घालून ऐकले. तीन महिने त्याच्यावर जे गेले होते, त्यातले काहीही त्याने बोलून दाखवले नाही. कार्यकारिणीच्या सभेत त्याला उभे करून जाब विचारला गेला होता. वादातील फरकाची रक्कम त्याने दोन घरांना पदरची भरून दिली होती. हे अभियंत्याला नंतर बसथांब्यावर दुसऱ्याच कोणी सांगितले. तेव्हा मंत्री एवढेच म्हणाला: “साहेब, हे कागदावर लिहून द्या.”

कारखान्याच्या नाममुद्रेचा कागद त्याने आणला नव्हता, आणि आणला असता तरी तो वापरता आला नसता. मंडळीच्या वहीतला एक कोरा ताव घेऊन त्याने गुजरातीत लिहिले: पावत्यांवरील आकड्यांची अदलाबदल यंत्राच्या आज्ञावलीतील दोषामुळे झाली, नोंदवहीतील आकडे खरे आहेत, दोष आज दूर केला आहे. खाली तारीख घातली आणि स्वतःचे नाव लिहून सही केली. सही करताना त्याच्या मनात मालकाचा चेहरा आलाच असेल. पुढे चार महिन्यांनी त्याने तो कारखाना सोडला. या कागदामुळे की पगारामुळे, याचे उत्तर तो निरनिराळ्या वेळी निरनिराळे देत असे.

मंत्र्याने तो ताव दोनदा वाचला. चौदा पावत्या गोळा करून त्याने बिस्किटांच्या डब्यात परत भरल्या, त्यांवर तो कागद घडी घालून ठेवला आणि झाकण दाबून बसवले.

पाच वाजता संध्याकाळचे दूध सुरू झाले. रांगेत नववा क्रमांक वृद्धेचा होता. काट्यावर चरवी चढली, आकडा स्थिरावला, पावतीचा कागद खरखरत बाहेर येऊ लागला आणि तो पुरता बाहेर येण्याआधीच मंत्र्याचे बोट पुढच्या सभासदाच्या क्रमांकावर पडले. वृद्धेने पावती फाडून घेतली आणि न पाहताच शेजारी उभ्या असलेल्या नातीच्या हातात दिली. मुलगी ओठ हलवीत ती वाचू लागली, वरच्या ओळीपासून.